कायमचा पत्ता

कवळे, फोंडा
रविवार, १९ मे २०२४

प्रिय मंदे,

तुझं दिवाळीतलं पत्र अजून देवाच्या फळीवर आहे. रोज दिवा लावताना दिसतं आणि रोज मनात म्हणते, आज रात्री लिहायला बसायचं. बसणं झालं नाही. त्याबद्दल काय ओरडायचं ते ओरडून घे. गुडघा आहे तसाच, ह्यांची साखर आटोक्यात. आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते.

शुक्रवारी हेरातकर ऑफिसात आली होती.

तूच पाडलेलं नाव. काठमांडूकर, खार्टूमकर, मझारकर, हेरातकर. गोव्यात आलं की गावाचं आडनाव लागलंच पाहिजे, हा तुझा नियम. नाईकबाईंनी एकदा भर वर्गात खरंच ‘खार्टूमकर’ अशी हाक मारली आणि तो ताडमाड पोरगा ‘यस मॅम’ म्हणून उभा राहिला, आठवतं ना? त्या दिवशी तू टेबलाखाली तोंड घालून हसत होतीस.

तर हेरातकर, अफगाणिस्तानातल्या हेरातची. २०१९ च्या पावसात आली तेव्हा छत्री उलटी झालेली, दोन बॅगा आणि सुक्या तुतीची पुरचुंडी. बीएस्सी झाली, एमएस्सीही झाली. बुधवारी शेवटचा पेपर दिला आणि शुक्रवारी चार-साडेचारला सोडून जातानाचा फॉर्म भरायला आली. तो आपला हिरवा फॉर्म, तू पट्टी घेऊन रकाने आखलेला. बसली, भरत गेली. अक्षर आपल्या मुलांपेक्षा वळणदार. सातव्या रकान्यापाशी आली आणि पेन थांबलं. कायमचा पत्ता. त्याखाली आठवा, परतीची संभाव्य तारीख.

मी दुसरं काहीतरी चाळत होते, म्हटलं घेईल तिचा वेळ. पाच मिनिटांनी बघते तर ती माझ्या बोटाकडे टक लावून बघतेय. ७ तारखेला आमचं मतदान झालं ना, नखावर शाई अजून आहे. मी हसून म्हटलं, जात नाही गो लवकर. तर ती हळूच म्हणाली, मॅडम, आमच्याकडे लोक ती घासून घासून काढायचे. २०१४ च्या जूनमध्ये हेरात प्रांतात अकरा जणांची शाईची बोटं तालिबाननं छाटली होती, मत दिलं म्हणून. ती तेव्हा तेरा वर्षांची. तिच्या आजोबांनी त्या रात्री लिंबू आणि राख लावून बोट घासलं, साल निघेपर्यंत. हे सगळं तिनं चहाचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं. मग फॉर्मकडे बोट दाखवून विचारलं, ‘मॅडम, इथे तुमचा पत्ता लिहू का?’

मंदे, माझ्या तोंडून निघालं, ‘सोमवारी सांगते.’

दोन रात्री झोप नाही. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, एवढं काय त्यात, लिही म्हणायचं. तुलाच कळेल, कारण मझारकरच्या वेळी तू तिथे होतीस.

त्यावरून आपण सहा महिने बोललो नाही. तुझं म्हणणं होतं की मी पोराचं नाव कापलं, माझं म्हणणं होतं की मी नियमानं चालले. कोविडमध्ये तो मझार-ए-शरीफला घरी गेला, तिथून ऑनलाइन वर्ग करत होता, वीज असेल तेव्हा. १५ ऑगस्ट २०२१ ला, आपण इकडे झेंडा लावून लाडू वाटत होतो त्या दिवशी, काबूल पडलं. दहा दिवसांनी आपल्या सरकारनं देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे सगळे व्हिसा रद्द केले. ते पोर तिकडे अडकलं ते अडकलंच. फी नाही, नोंदणी नाही, परीक्षेचा फॉर्म नाही. शेवटच्या तारखेला संध्याकाळी मी त्याच्या नावावर लाल रेघ मारली. तू म्हणालीस, थांब, एक सत्र तरी थांब, पटावर नाव असेल तर उद्या व्हिसा मागताना त्याच्या हातात काहीतरी असेल. मी म्हणाले, तारीख ती तारीख. त्याचा शेवटचा मेसेज तुला आला, इराणातल्या मशहदहून. मला आला नाही. का येईल?

तेव्हा मी कबूल केलं नाही, आज करते. तुझं बरोबर होतं. एक सत्र थांबले असते तर आभाळ कोसळणार नव्हतं.

आणि आता बघ, ती लाल रेघ पुढे कुठे जाते. दरवर्षी आपण आयशेचा, म्हणजे सरकारच्या उच्च शिक्षण पाहणीचा फॉर्म भरतो, ज्याला तू ‘आयशीचा फॉर्म’ म्हणायचीस आणि भाटकर काका रागवायचे. देशभरातल्या कॉलेजांचे आकडे त्यात जातात. जानेवारीत २०२१-२२ चा अहवाल आला, तो मी या वेळी बसून वाचला, पहिल्यांदाच. २०१९-२० मध्ये भारतात ४९,३४८ परदेशी विद्यार्थी होते, पुढच्या वर्षी ४८,०३५, त्याच्या पुढच्या वर्षी ४६,८७८. १७० देशांतून आलेले. नेपाळ पहिला, शंभरात अठ्ठावीस, तो हलत नाही. अफगाणिस्तान दुसरा, पण ९.१ टक्क्यांवरून ६.७ वर आला. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. म्हणजे साडेचार हजारांच्या आसपास होते, ते साधारण तीन हजार एकशेवर आले. दोन वर्षांत साडेतेराशेच्या आसपास पोरं कमी. काहींचं शिक्षण संपलं असेल, काही तिसऱ्याच देशात गेले असतील. पण त्यात लाल रेघाही आहेत, आणि त्यातली एक माझ्या हातची आहे. अहवालात ती दिसत नाही, फक्त टक्का घसरतो.

तिसरी अमेरिका आहे, ६.२ टक्के. पाचवी अमिराती. पूर्वी मला वाटायचं, अमेरिकेतून कोण येतं इकडे शिकायला? आता वाटतं त्यातले बरेच आपलेच असणार, पासपोर्ट तिकडचा आणि आजी इकडची. आपल्या रजिस्टरातच बघ ना, दुबईहून आलेली ती दोघं चवथीला थेट आजोळी म्हार्दोळला जायची. पासपोर्टावरून परदेशी, गणपतीवरची माटोळी बांधायला सगळ्यांच्या पुढे. आणि उलटं शेजारच्या फर्नांडिसबाईंच्या नातवाचं. आजोबा १९६१ च्या डिसेंबरआधी गोव्यात जन्मलेले, म्हणून त्याला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला. तो लिस्बनला शिकतो आणि तिथे परदेशी विद्यार्थ्यांत धरलाच जात नाही. जन्मभर मडगावच्या पलीकडे न गेलेला पोर तिथला घरचा, आणि पाच वर्षं आमच्यात राहून पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल ओळखणारी ही परकी. तिला उंडे आवडत नाहीत, पोळी आवडते. म्हणते त्यांच्याकडच्या तंदूरच्या नानसारखी लागते, फक्त कोंडा जास्त. सकाळी भोंगा वाजला की हॉस्टेलच्या फाटकावर पहिली तीच उभी असते.

आमच्या बाबूचं तुला ठाऊक आहेच. ऑक्टोबरात जर्मनीला गेला. जाताना बँकेत ११,२०८ युरो अडकवून ठेवावे लागले, वर्षभराच्या खर्चाचे, तेव्हा व्हिसा. ह्यांनी पाटाच्या बाजूचा काजूचा तुकडा गहाण टाकला, मी पाटल्या दिल्या. तिकडे आता परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यात जास्त आपलेच, ४२ हजारांच्या वर, चिन्यांना मागे टाकलं म्हणे. बाबू सांगतो, स्वयंपाकघरात चार भाषांत मोहरीवरून भांडणं होतात. काल मी त्याला विचारलं, तुझ्या तिकडच्या फॉर्ममध्ये कायमचा पत्ता विचारला होता का रे? म्हणाला, हो, घरचा लिहिला. दुसरं काय लिहिणार? असं पटकन म्हणाला, मंदे, विचार न करता. तिकडच्या ऑफिसात माझ्यासारखीच कुणीतरी बाई असेल, तिच्या रजिस्टरात माझं पोर एक ओळ आहे. ती बाई तारखेची कडक नसू दे, एवढंच रोज देवीपाशी मागते. आणि मी स्वतः काय केलं होतं?

आता खरी काळजी. सातव्या रकान्यात माझा पत्ता लिहिला काय आणि मंगेशीच्या देवळाचा लिहिला काय, त्यानं व्हिसा वाढत नाही. हा आपल्या ऑफिसचा कागद. आयसीसीआरची, म्हणजे आपल्या सरकारची परदेशी मुलांसाठीची शिष्यवृत्ती जूनमध्ये संपते, व्हिसा ३१ जुलैपर्यंत. हॉस्टेल १५ जूनला रिकामं करायचं आहे. घरी जायचं तर तिकडे डिसेंबर २०२२ पासून मुलींना विद्यापीठाचं दार बंद, सहावीच्या पुढची शाळा त्याच्याही आधीपासून बंद. तिची धाकटी बहीण, सोळा वर्षांची, घरात बसून हिच्या जुन्या नोट्स फोनवर मागवून वाचते. एमएस्सी झालेल्या मुलीनं तिथे जाऊन करायचं काय? आणि आपला देश निर्वासितांच्या त्या १९५१ च्या कराराचा सदस्य नाही, म्हणजे त्या वाटेनंही सरकारी कागद मिळायची खात्री नाही. विद्यार्थी म्हणून पटावर असेल तरच ती इथे आहे. पट संपला की ती विद्यार्थी नाही, पाहुणी नाही, कुणीच नाही.

म्हणून तुला हाताला धरून विचारते. तुमच्याकडे पीएचडीचं बघशील? २०२२ मध्ये यूजीसीनं पदवी-पदव्युत्तरला परदेशी विद्यार्थ्यांसाठी पंचवीस टक्के जादा जागांची मुभा दिली, आणि पीएचडीला त्यांचे प्रवेश विद्यापीठ आपल्या पद्धतीनं करू शकतं. आमच्याकडे तिच्या विषयाला गाईडच रिकामा नाही, मी तिन्ही सरांच्या दारात उभी राहून आले. पुण्यात परदेशी मुलं आमच्यापेक्षा कितीतरी, तुमच्या ऑफिसला या सगळ्याची सवय आहे. तिचा विषय समुद्री सूक्ष्मजीव. हेरातला समुद्र नाही, तरी. इथे येईपर्यंत तिनं समुद्र पाहिला नव्हता. मिरामारला पहिल्यांदा नेलं तेव्हा पाणी चाखून तोंड वाकडं केलं होतं, तूच फोटो काढला होतास. जुलैच्या आत नुसतं प्रवेशाचं पत्र मिळालं तरी बोनाफाइड देता येईल आणि एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी लोकांची नोंदणी करणाऱ्या ऑफिसच्या पोर्टलवर व्हिसाची मुदतवाढ मागता येईल. कागद मी सगळे तयार ठेवते, तुला एक स्टेपलसुद्धा मारावी लागणार नाही.

फीचं काय ते नंतर बघू. माझ्याकडे अजून गोठ आहेत. ह्यांना सांगितलं नाही, तू पण बोलू नकोस.

ह्यांना बाकीचं मात्र सांगितलं, काल जेवताना. मला वाटलं पोलीस, चौकशी, शेजारी, असं काहीतरी म्हणतील. भातावर सोलकढी ओतत म्हणाले, बाबूची खोली रिकामीच आहे, गादीला ऊन दाखव. नंतर पंखा तपासायला शिडी घेऊन गेले. माणूस तीस वर्षं पाहते, तरी अजून कळत नाही.

तुझ्या सुनेला सातवा लागला ना? डोहाळजेवण कधी ते कळव, येईन किंवा साडी पाठवीन. तुझ्या भाच्याचं कॅनडाचं काय झालं? जानेवारीत त्यांनी परवान्यांवर मर्यादा आणली, यंदा ३ लाख ६० हजारांच्या आसपासच देणार आहेत, गेल्या वर्षीपेक्षा पस्तीस टक्के कमी. त्याला म्हणावं एजंटाच्या हातात पैसे देऊ नकोस. फ्लॅटचं गळणं थांबलं का?

हे पत्र भाईच्या हाती देते, तो आज रात्रीच्या बसनं निघतोय, उद्या सकाळी तुझ्या दारात. सोबत आगळाची बाटली, फणसाची साठं आणि तिच्या मार्कशीटांच्या झेरॉक्स, प्लास्टिकच्या पिशवीत वेगळ्या बांधलेल्या. बाटली सांडली तर आधी झेरॉक्स वाचव.

उद्या साडेनऊला ती येईल. सातव्या रकान्यात आमचा पत्ता मी स्वतः लिहिणार आहे, घर क्रमांकासकट, तिच्या देखत. आठवा रकाना कोराच ठेवते. त्यावर कुणी विचारलं तर उत्तर माझं.

तुझीच,
शालू

ता. क. तिच्या पासपोर्टाची मुदत नोव्हेंबरपर्यंतच आहे. नवीन कुठून आणि कसा काढतात, तुमच्याकडच्या मुलांनी काही मार्ग काढला असेल तर आधी तेवढं फोनवर सांग, पत्राची वाट बघू नकोस.