तक्रार: सर्व्हिसिंगनंतर अलार्मची खालची मर्यादा ८५ वर अडकली

ग्राहक सेवा विभागप्रमुख,

तुमच्या हेल्पलाइनवरचा कॉल आत्ताच संपला. संपला म्हणजे तिकडून ठेवला गेला. म्हणून आता लेखी.

बाळाच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण (सॅच्युरेशन) मोजणारा पल्स ऑक्सिमीटर तुमच्याकडून सर्व्हिसिंग होऊन आला तो नवं सॉफ्टवेअर घेऊनच. आधी निओनेट, म्हणजे नवजात बाळांसाठीच्या, मोडमध्ये अलार्मची खालची मर्यादा ७० पर्यंत लावता येत होती. आता बटण कितीही दाबा, आकडा ८५ च्या खाली उतरत नाही. वरच्या मर्यादेचा पर्याय मेनूतून गायब. शिवाय मशीन बंद करून चालू केलं की सगळं पुसून पुन्हा अडल्ट मोड आणि ९०.

बाळाला बीटी शंट आहे, म्हणजे फुप्फुसांकडे रक्त नेण्यासाठी ऑपरेशनमध्ये बसवलेली बारीक नळी. तुमच्या माहितीपत्रकावर ‘हृदयशस्त्रक्रियेनंतर घरच्या देखरेखीसाठी’ असं ठळक छापलंय, तेव्हा शंट म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक असणार. या बाळांच्या हृदयात शुद्ध-अशुद्ध रक्त मिसळतंच, त्यामुळे पुढच्या ऑपरेशनपर्यंत सॅच्युरेशन साधारण ७५ ते ८५ असणं हेच अपेक्षित आहे आणि डिस्चार्ज कार्डावर तेच लिहिलंय. ७५ च्या खाली जाऊन तिथेच राहिलं तर शंटमध्ये गुठळी धरत असेल, किंवा उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल. दोन्हीत वाट बघायची नसते. उलट ९० च्या वर चढू लागलं तर पेढे वाटायचे नसतात. फुप्फुसांकडे जास्त रक्त वळतंय आणि बाकी शरीर उपाशी राहतंय अशी शंका घ्यायची असते. म्हणून अलार्म दोन्हीकडून लागतो. तुमचं मशीन मात्र ८० वर शांत झोपलेल्या बाळाच्या उशाशी रात्रभर बोंबलतं आणि ९४ झालं तर अवाक्षर काढत नाही.

आता तो कॉल. तुमच्या प्रतिनिधीने आधी विचारलं, “मॅडम, नॉर्मल किती असतं माहितेय का? पंच्याण्णवच्या वर.” या बाळाचं नसतं, असं सांगितलं. “मग प्रॉब्लेम मशीनमध्ये नाही, बाळात आहे.” हो, बाळात आहे. म्हणूनच मशीन घेतलं. मग सेन्सर स्वतःच्या बोटाला लावायला सांगितला. बाळाच्या पावलाला गुंडाळायचा सेन्सर मोठ्या माणसाच्या बोटाला! आला आकडा ९८. “बघा, मशीन ओके आहे.” रीडिंग चुकतंय असं कोणी म्हटलंच नव्हतं, मर्यादा खाली जात नाही, एवढीच तक्रार होती आणि आहे. त्यावर सल्ला: “थोडा वेळ ऑक्सिजन लावा, वाढेल.” डॉक्टरांना न विचारता दिलेल्या ऑक्सिजनने अशा बाळात फुप्फुसांकडचा प्रवाह आणखी वाढू शकतो, हे त्या मुलाला माहीत नसेल, पण मग त्याला बोलायला कोणी बसवलं? शेवटी, “आवाजाचा त्रास होत असेल तर म्यूट करून झोपा.” फोन ठेवताच मेसेज आला: ‘तक्रार निकाली. ग्राहकास उपकरणाचा वापर समजावून सांगितला.’

वापर येतो आम्हाला. सेन्सर पावलाला लावतो. शंट ज्या बाजूचा त्या हाताला नाही, कारण तिथली नाडी मंद लागते. दिवा आणि रिसीव्हर समोरासमोर. पाऊल गार असेल तर आधी ऊब, सेन्सरवरून पायमोजा, म्हणजे बाहेरचा उजेड शिरत नाही. नाडीची पट्टी स्थिर झाल्याशिवाय आणि रडं थांबल्याशिवाय आकडा वहीत उतरत नाही. पट्टा आवळत नाही, आणि कातडीवर वण उठू नये म्हणून दर काही तासांनी पाय बदलतो. रोज एकाच काट्यावर, दूध पाजण्याआधी, उघड्या अंगाने वजन होतं. ३ दिवसांत २० ग्रॅमसुद्धा वाढ नाही किंवा ३० ग्रॅम घट, की हॉस्पिटलला फोन. पोटात गेलेलं दूध मिलिलिटरमध्ये मोजतो. राहिलं एकच काम, जे माणसाला रात्रभर जमत नाही. ते तुमच्या मशीनचं होतं.

विनाकारण वाजणारा अलार्म निव्वळ कटकट नसतो. हात आपोआप म्यूटकडे जायला लागतो आणि ७० चा अलार्मही त्याच बटणाखाली दबतो. हॉस्पिटलच्या वॉर्डात तुमचाच मॉनिटर होता, त्या भरवशावर घरी हाच घेतला. तो भरवसा तुम्ही एका अपडेटमध्ये घालवलात.

जुनं सॉफ्टवेअर परत टाका, किंवा ज्यात खालची मर्यादा ७० पर्यंत जाते, वरची लावता येते आणि मशीन बंद केल्यावरही दोन्ही टिकतात असा मॉनिटर द्या. दुरुस्ती होईपर्यंत बदली मशीन घरी आलं पाहिजे. ‘सर्व्हिस सेंटरला आणून द्या’ हे चालणार नाही. ७ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर हे पत्र, त्या मेसेजसकट, वैद्यकीय उपकरणांच्या नियामकाकडे आणि बाळाच्या कार्डिओलॉजिस्टकडे जाईल. ते दर आठवड्याला नव्या पालकांना कोणता मॉनिटर घ्यायचा ते सांगतात.

उत्तर इंजिनिअरने द्यावं. वापर समजावण्यासाठी कृपया पुन्हा कोणी फोन करू नये.

एक ग्राहक
(बिल आणि मशीनचा सिरियल नंबर सोबत जोडला आहे)