सोहरायला सुट्टी द्या

संपादक महोदय,

नोकरीमुळे माझी अठरा वर्षे जमशेदपुरात गेली. दिवाळीच्या सुमारास घाटशिलाजवळच्या संथाळ आदिवासींच्या एका गावात सोहराय बघायला जायचो. हा सण आपल्या पोळ्यासारखाच, गुराढोरांचा. आधीचे कितीतरी दिवस बायका घराच्या भिंती लिंपत. ओली माती तळव्याने घासून घासून अशी गुळगुळीत करत, की हात फिरवावासा वाटे. मग गेरू, पांढरी माती, तळाशी काळा पट्टा. रात्री तमाक आणि तुमदाक या ढोलांवर नाच चाले, तो पार उजाडेपर्यंत.

गेल्या वर्षी पुन्हा गेलो. बरीच घरे सिमेंटची झालीत, त्यांवर ऑइलपेंट. नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर येतो, त्यामुळे ज्यांना ओवाळायचे ते बैलच कमी झालेत. तमाकवर चार म्हातारे होते. तरणी पोरे बेंगळुरूला, केरळात. मांझी, म्हणजे गावाचा प्रमुख, म्हणाला, ‘भांडण मिटवायला बसलो, तर भांडणारेच गावात नसतात.’

मोबाइलने संस्कृती बुडवली असे म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी 1925 मध्ये संथाळीसाठी ओल चिकी लिपी घडवली, 2003 मध्ये ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत आली, आणि आज पोरे त्याच लिपीत मोबाइलवर निरोप धाडतात. गाव सोडणेही नवे नाही. इंग्रजांच्या काळात संथाळ आसामच्या चहामळ्यांपर्यंत नेले गेले. कोरडवाहू भातावर वर्ष निघत नाही, हे खरे दुखणे आहे. जागतिक बाजारामुळे शहरे वाढली आणि ती बांधायला हात लागले, ते याच गावांतून आले.

पुण्यात आमच्या शेजारच्या बांधकामावर सेंट्रिंगचे काम करणारा एक संथाळ मुलगा आहे. सगळे त्याला ‘बिहारी’ म्हणतात. मी ‘जोहार’ म्हणजे त्यांच्याकडचा नमस्कार केला, तर क्षणभर बघतच राहिला. मग मोबाइल काढून त्याने आई भिंत लिंपत असल्याचा व्हिडिओ दाखवला. तीन वर्षांत तो सोहरायला घरी गेलेला नाही. दिवाळीला सुट्टी मिळते दोन दिवस, आणि टाटानगरला, म्हणजे जमशेदपूरच्या स्टेशनला, पोचायलाच एक दिवसाहून जास्त लागतो.

बांधकाम व्यावसायिकांना माझी कळकळीची विनंती आहे: या मजुरांना दिवाळीत निदान आठ दिवसांची भरपगारी सुट्टी द्यावी.

आपला,
एक वाचक, पुणे