सिस्टर, त्या रात्री तुम्ही मला गोळी देऊ दिली नाहीत

सिस्टर, तुमचं नाव इथे टाकत नाही, पण वाचलंत तर लगेच ओळखाल, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या ७४ वर्षांच्या आजींचा मी मुलगा.

आईला लघवीच्या इन्फेक्शनसाठी अँटिबायोटिक चालू होतं आणि सहाव्या दिवशी जुलाब सुरू झाले, दिवसात पाच वेळा, नुसतं पाणी. मला वाटलं जेवण बाधलं असेल. जुलाब बंद करायची गोळी माझ्या हातात होती, ग्लासही भरला होता, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "थांबा, अँटिबायोटिक चालू आहे ना, आधी डॉक्टरांना विचारू." स्टूल टेस्टमध्ये सी डिफ नावाचा आतड्याला त्रास देणारा जंतू निघाला. तोपर्यंत हे नाव आमच्या घरात कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं.

ड्युटी संपली तरी तुम्ही थांबलात आणि सगळं समजावलंत, की अँटिबायोटिकने आतड्यातले चांगले जंतूही मरतात, मग याला रान मोकळं मिळतं, विष सोडतो, आणि ६५ च्या पुढच्यांना धोका जास्त. मी तर दर तासाला सॅनिटायझर चोळून निर्धास्त होतो! याचे बीजाणू, म्हणजे जंतूचं टणक कवचातलं रूप, अल्कोहोलला दाद देत नाहीत, साबण लावून वाहत्या पाण्याखाली घासूनच हात धुवायचे, हे तुम्ही मला बेसिनपाशी नेऊन करून दाखवलंत.

खरी भीती बाबांची होती, त्यांची फुप्फुसं आधीच कमजोर आणि घरात टॉयलेट एकच. तुम्ही सांगितल्याप्रमाणे फ्लशचं बटण, नळ, दाराची कडी सगळं रोज ब्लीचने पुसलं. बाबांना काही झालं नाही. साधारण ६ पैकी १ जणाला हे परत होतं, पहिले दोन महिने जपा, असंही म्हणाला होतात, ते दोन महिने मी जीव मुठीत धरून काढले पण परत झालं नाही.

आता आईच्या फाइलच्या पहिल्याच पानावर "सी डिफ झालेलं आहे" असं मोठ्या अक्षरात लिहिलंय, कुठल्याही डॉक्टरांकडे गेलो की आधी ते दाखवतो. मागच्या महिन्यात बाबांना खोकला झाला तेव्हा न घाबरता विचारलं, अँटिबायोटिक लागेलच का, किती दिवस? डॉक्टरांनी नीट तपासलं, म्हणाले व्हायरल आहे, गरज नाही. हे विचारायचं मला तुमच्यामुळे सुचलं सिस्टर, खूप खूप आभार.

आई काठी घेऊन जिन्यापर्यंत जाते आता. तुमची ड्युटी कधी असते ते विचारायला सांगितलंय तिने, स्वतः येऊन भेटणार म्हणते.