भिंतीत शिरणारी सावली

इंदूर
१८ जानेवारी २०२६, पौष अमावास्या

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शि. सा. नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि व्हॉट्सॲपवर ते नुसता अंगठा पाठवतात, म्हणून पत्र. काल उज्जैनला जाऊन आलो. महाकालाचं दर्शन पहाटेच उरकलं, प्रसाद आणलाय. पण सांगायचंय ते वेधशाळेबद्दल.

सवाई जयसिंगाने दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या. मथुरेची आता राहिलेली नाही. उज्जैनची पडझड झाली होती, ती १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतली आणि तिथे पहिले अधीक्षक आले गोविंद सदाशिव आपटे. आपला माणूस म्हणून मला उगीचच बरं वाटलं.

सम्राट यंत्र म्हणजे गच्ची बांधायची राहून गेलेला जिना. उंची २२ फूट, आणि जिन्याची तिरकी कड थेट ध्रुवाकडे रोखलेली. तिची सावली दोन्ही बाजूंच्या वक्र पट्ट्यांवर पडते, तिथे तास-मिनिटं कोरलेली. माझ्या घड्याळात १०.२० झाले होते आणि सावली ९.४३ च्या जवळपास. तुमच्या नातवाने लगेच जाहीर केलं, "राजाचं घड्याळ मागे पडलंय!"

मागे नाही पडलेलं. आपली घड्याळं मिर्झापूरजवळच्या ८२.५ रेखांशावर चालतात. उज्जैन त्याच्या पश्चिमेला, म्हणून २७ मिनिटांचा फरक. उरलेली १० मिनिटं पृथ्वीच्या कललेल्या आसाची आणि लंबवर्तुळाकार वाटेची. तो हिशोब रोज थोडा बदलतो.

आणि मग मला आपलं पंचवटीतलं अंगण आठवलं. नाशिक उज्जैनच्याही पश्चिमेला. म्हणजे ३५ अधिक १०. काल आपल्याकडे सूर्य माध्यान्हीला आला तो पाऊण वाजता! बाबा, तुम्ही मात्र प्रेसमध्ये होतात तेव्हापासून एचएमटी बघून ठोक्याला बारा वाजता "सूर्य डोक्यावर आला, नैवेद्य आणा" म्हणता. आणि आई, तू चुलीपाशी बसून म्हणायचीस, "भिंतीची सावली अजून भिंतीत शिरली नाही." चाळीस वर्षं चाललंय हे.

उज्जैनला भित्ती यंत्र आहे. सरळ दक्षिणोत्तर बांधलेली भिंत, माध्यान्हीला सूर्य किती उंचीवर आहे ते मोजायला. आपली पडवीची भिंतही बरोबर दक्षिणोत्तर आहे, हे मला कालच लक्षात आलं. सकाळी सावली पश्चिमेला, दुपारी पूर्वेला, आणि मधल्या त्या क्षणी गायब. आई, तू इतकी वर्षं वेध घेत होतीस आणि आम्ही तुला हसत होतो.

बाबा, रुसू नका. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे माध्यान्ह १२.१९ लाच होते, तेव्हा तुम्ही जरा जवळ असता.

रात्री लॉजच्या गच्चीवर गेलो. अमावास्या तोंडावर, चंद्राची कटकट नाही. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची. उज्जैनचा अक्षांश २३ अंश ११ कला, म्हणून ध्रुव क्षितिजापासून दोन मुठी आणि वर दोन बोटं. नाशिकला दोन मुठींतच भागेल. गच्चीवरून म्हसरूळच्या बाजूला बघा, दिव्यांमधून दिसला तर.

पूर्वेला गुरू पुनर्वसूजवळ झगझगत होता, मिथुनेत. साध्या द्विनेत्रीतून त्याचे तीन चंद्र दिसले, चौथा काही सापडला नाही. लॉजचा म्हातारा रखवालदार म्हणाला, "ये सिंह में पहुँचेगा तब हमारा मेला।" मी म्हटलं, आधी आमचा! वर्षाला साधारण एक रास, म्हणजे २०२७ ला तो सिंहेत, रामकुंडावर पाय ठेवायला जागा नसणार. बाबा, तेव्हा आम्ही येणारच आहोत, दर फोनला विचारू नका.

त्याआधी मे महिन्यात येते. २० मेच्या आसपास नाशिकला सूर्य अगदी डोक्यावर येतो, साडेबाराच्या सुमारास अंगणात उभ्या काठीची सावली नाहीशी होते. काठी ओळंब्याने सरळ रोवून ठेवा. नैवेद्य त्या दिवशी किती वाजता, ते मात्र आईला विचारा.

गुडघ्याचं तेल कुरिअरने पाठवलंय.

तुमची
चिमी