कालच्या कोड्यातून आजच्या चार ओळी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात रोजचे शब्दकोडे असते आणि दुसऱ्या दिवशी त्याची उत्तरे येतात. उत्तरे जुळवून पाहिली की तो कागद रद्दीत जातो. त्या उत्तरांतून चार ओळींची गमतीदार कविता करता येते. खानदेशातल्या वाचकांकडून अशा कविता मागवून त्या उत्तरांशेजारी छापाव्यात, ही विनंती करण्यासाठी हे पत्र. नुसती विनंती करून थांबत नाही, कविता कशी जमते आणि कुठे बिघडते तेही सविस्तर लिहितो.

आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापून आले. इंग्रजी कोड्याच्या चौकोनात एकेक वर्ण बसतो, कवितेचा ताल मात्र उच्चाराच्या आघातांवर चालतो. त्यामुळे कोड्याची मोजणी तिथल्या कवीच्या कामी येत नाही. मराठीत चौकोनात पूर्ण अक्षर बसते, काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरासकट. आपली ओवी, अभंग, अष्टाक्षरी यांतही तेच अक्षर मोजतात. म्हणजे कोडे सोडवताना 'गिरणा तीन, सातपुडा चार, तापी दोन' असे जे मनात चालते, तीच छंदाची मोजणी. कवितेचे निम्मे काम तिथेच झालेले असते.

सुरुवात अष्टाक्षरीपासून करावी. ओळीत आठ अक्षरे, चारांनंतर किंचित थांबा, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचे यमक. समजा कालची उत्तरे गिरणा, काडी, भरीत आणि उधार अशी होती. ओळी अशा होतील:

गिरणेच्या काठावरी
तूरकाडी धूर सोडी
भरताला मीठ कमी
उधारीची लागे गोडी

कोड्यातले शब्द इथे जसेच्या तसे आलेले नाहीत. 'गिरणा' तीन अक्षरांचा, प्रत्यय लागून 'गिरणेच्या' चारांचा झाला आणि अर्धी ओळ भरली. 'भरीत'चे 'भरताला' झाले, म्हणजे 'री' गेली, 'र' राहिला, 'ता' आणि 'ला' आले. 'काडी'ला तूर जोडल्यावर तीही चारांची झाली. तीन चौकोनांचा शब्द प्रत्ययाने चारांचा होतो, ही पहिली हातोटी. म्हणून उत्तरांतले तीन अक्षरी शब्द आधी बाजूला काढावेत, दोन अक्षरींना जोडीदार शोधावा आणि पाच-सहा अक्षरी शब्द सरळ सोडून द्यावेत. ते थांब्यावर आडवे येतात आणि ओळ मोडते.

सगळी उत्तरे कोंबायचा मोह टाळावा. चार ओळींत तीन-चार शब्द पुरेत. त्याहून जास्त घातले की कवितेची किराणा मालाची यादी होते.

मोजणी बरोबर असून ओळ वाचताना लंगडते, ही तक्रार हमखास येते. त्याचे कारण आपल्या उच्चारात आहे. 'घर' लिहिताना दोन अक्षरे, बोलताना 'र' जवळजवळ अर्धा. 'कर वर धर सर' ही मोजून आठ अक्षरे, पण म्हणून पाहिली तर ठोके चारच पडतात. जात्यावरच्या ओवीत गळा शेवटचे अक्षर लांबवतो म्हणून तिथे हे खपून जाते, छापील ओळ मात्र उघडी पडते. उपाय सोपा आहे. दर अर्ध्या ओळीत कानामात्रेची निदान दोन अक्षरे ठेवावीत आणि ओळ लिहून झाल्यावर टाळी वाजवत मोठ्याने म्हणावी. गणवृत्ताच्या, म्हणजे लघु-गुरू (ऱ्हस्व-दीर्घ) अक्षरांचा ठरलेला क्रम पाळणाऱ्या वृत्ताच्या, वाटेला सुरुवातीला जाऊ नये. चौकोन लघु-गुरू सांगत नाही. 'नदी' आणि 'तापी' दोन्ही दोनच चौकोनांचे, पण वृत्तात त्यांचे वजन वेगळे.

कोपरे भरण्यासाठी कोडेकार पाणी, सूर्य, कमळ यांचे संस्कृत प्रतिशब्द वापरतात: पय, भानू, जलज. त्यांतला एखादाच घ्यावा आणि शेजारी घरचा खमंग शब्द ठेवावा. 'भानू' आणि 'भाकर' एका ओळीत आले की गंमत होते. तीन प्रतिशब्द सलग आले तर आरती वाटू लागते.

आता उभ्या शब्दांविषयी. उभा शब्द घेऊन त्याच्या एकेका अक्षराने एकेक ओळ सुरू करायची, ही आद्याक्षरी. माझ्या मते कोड्यातून निघणारा सगळ्यात सुंदर प्रकार हाच, कारण चौकटीचा आकार कवितेत शिल्लक राहतो. 'सातपुडा' घेऊ:

सात वाटा, एक ढग
तळे त्याची वाट पाही
पुढे येतो, मागे जातो
डाव त्याचा कळे नाही

दुसऱ्या ओळीत 'तळे'च्या जागी 'तापी' लिहावेसे वाटते. पण चौकोनात 'त' आहे, 'ता' नाही. ही शिस्त सोडली तर आद्याक्षरीत काही उरत नाही. शब्द निवडतानाही जपावे लागते. 'ण' आणि 'ळ' यांनी मराठीत शब्द सुरू होत नाहीत. म्हणून 'गिरणा' तिसऱ्या ओळीला अडतो, 'केळी' दुसऱ्याच ओळीला. 'वावर', 'कापूस', 'कानबाई' हे शब्द नीट चालतात. 'कानबाई'तला शेवटचा 'ई' थोडा छळतो, पण 'ईद', 'ईर्षा', 'ईशान्य' आहेतच.

जॉश वॉर्डल यांचा २०२१ मध्ये खुला झालेला 'वर्डल' हा खेळ अनेकांच्या मोबाइलवर आहे. पाच वर्णांचा शब्द, सहा प्रयत्न. चुकलेले अंदाज क्रमाने एकेका ओळीत गुंफायचे आणि बरोबर शब्दाने शेवट करायचा, ही रचना मराठीतही होते. फक्त आपल्याकडे शब्द तीन अक्षरी घ्यावा. पाच अक्षरी मराठी शब्द बहुतेक सामासिक किंवा प्रत्यय लागलेले असतात, त्यांचा अंदाज बांधण्यात मजा नाही.

कोडेकारांना एक आग्रहाची सूचना. आपला अंक खानदेशात वाचला जातो, तर कोड्यात आठवड्यातून दोन-चार अहिराणी शब्द यावेत. आखाजी (अक्षय तृतीया), बठ्ठा (सगळा), आंडेर (मुलगी), आंडोर (मुलगा). चौकटीत ते अडचण करत नाहीत. 'वावरात' चार चौकोन, 'वावरमा'ही चारच. 'ळ'चा 'य' झाला तरी मोजणी तीच राहते: डोळा-डोया, काळा-काया. कवितेला उलट फायदाच होतो. 'काया' म्हणजे प्रमाण मराठीत शरीर आणि अहिराणीत काळा. असा श्लेष पुण्या-मुंबईच्या कोड्याला मिळणार नाही.

छापण्यासाठी नियम थोडेच असावेत. कविता आदल्या दिवशीच्या कोड्यावरची आणि उत्तरे जाहीर झाल्यावरच छापलेली, नाहीतर उशिरा कोडे सोडवणाऱ्यांचा विरस होतो. ओळी चार, अष्टाक्षरी किंवा आठ-आठ अक्षरांचा छोटा अभंग. कोड्यातले किमान तीन शब्द, ते ठळक टाइपात. आठ अक्षरांची ओळ एका स्तंभात सहज मावते, म्हणजे जागा फार लागणार नाही. संपादनात मात्र एक पथ्य पाळावे: शुद्धलेखन सुधारताना अक्षरसंख्या बदलू देऊ नये. 'काठावरी'चे 'काठावर' केले तर मोजणी टिकते पण ठोका गळतो, 'गिरणेच्या'चे 'गिरणा नदीच्या' केले तर ओळच कोसळते.

जळगावात १९०७ मध्ये कविसंमेलन भरले होते. अमळनेरने १९५२ आणि २०२४ अशी दोनदा साहित्य संमेलने पाहिली. तिथे व्यासपीठावर न जाणारे, पण रोज सकाळी पेन्सिल घेऊन बसणारे वाचक आपल्याकडे गावोगाव आहेत. आखाजीच्या सुमारास, झोक्यांवरची गाणी घरोघर सुरू असताना, पहिली चार ओळींची चौकट छापावी, ही विनंती.

आपला,
एक शब्दकोडेप्रेमी वाचक
अमळनेर, जि. जळगाव