नुसतं चालून भागणार नाही

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, "रोज चालतो की, आणखी काय करायचं?" असं तुम्ही विचारलंत. फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही, म्हणून लिहितेय.

चालणं सोडू नका. पण तेवढ्यानं स्नायूंची ताकद टिकत नाही. तिशीनंतरच स्नायू हळूहळू झिजायला लागतात आणि साठीनंतर झीज वाढते. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, ते बरेचदा यामुळेच. त्यावर "आता वय झालं" म्हणणं मला पटत नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या माणसांकडून ८ आठवडे वजनं लावून पायांचे व्यायाम करून घेतले. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. त्यांच्यापुढे तुम्ही दोघं पोरंच!

तेव्हा आठवड्यातून निदान दोनदा, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हात न टेकता आठ-दहा वेळा उठा-बसा. जरा थांबा, पुन्हा करा. जड गेलं तर खाली उशी ठेवा, सोपं वाटलं तर हातात पाण्याची बाटली धरा. उठताना श्वास कोंडू नका, रक्तदाब चढतो. गुडघा दुखला तर तिथेच थांबा. जिद्द दाखवायची ही जागा नव्हे.

आई, तुझा तोल जातो याची मला जास्त काळजी आहे. ओट्याला हात टेकून एका पायावर उभी राहत जा, मग दुसऱ्या. पासष्टीनंतर असे तोलाचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

आणि व्यायाम केला तरी प्रथिनं कमी पडली तर स्नायू भरणार कशाने? या वयात वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम लागतात. तुझ्या ५५ किलोला ५५ ते ६६ ग्रॅम. ती दिवसभरात वाटून घे, सगळी एकाच जेवणात नकोत. बाबांनी मात्र मूत्रपिंडाचे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून मगच वाढवावीत.

बाबा, कानही तपासून घ्या. ऐकू कमी येणं आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध आहे, आणि कमी ऐकू येण्यावर कानाच्या यंत्राचा इलाज आहे. आईला सोबत न्या, नाहीतर डॉक्टर काय म्हणाले ते आम्हाला कधीच कळायचं नाही.

तुमची,
धाकटी