पक्यास, उजव्या बाजूबद्दल

सातारा, १६ नोव्हेंबर २०२५

पक्या लेका,

गणपतीत तुझे दोन मिस्ड कॉल येऊन गेले. बघितले होते, उचलले नाहीत कारण दोन्ही हात कोपरापर्यंत ग्रीसमध्ये होते, आणि मग आज करतो उद्या करतो करत अडीच महिने गेले. व्हॉट्सॲपवर लिहायला घेतलं तर तीनदा खोडलं. म्हणून हे मेल. लांब आहे, चहा घेऊन बस.

तब्येती ठीक. आईचा गुडघा आहे तिथेच आहे, माझी शुगर जरा वर, गोळी चालू. झालं.

तर आपल्या मारुती जिप्सीचे पाटे, म्हणजे खालच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बदलले. चारही. टायर पण. घरी, अंगणात, एकट्याने. म्हणजे शिऱ्या होता पण तुला माहितीये शिऱ्या असणं म्हणजे काय ते, जॅकच्या दांड्यावर बसून आख्खा वेळ भाऊबंदकीच्या केसबद्दल बोलत होता, आणि दहाचा पाना दे म्हणलं की बाराचा द्यायचा.

तुला न विचारता केलं हे कबूल. गाडी कागदावर माझ्या नावावर असली तरी २००८ ला तू दिलेले साडेबेचाळीस हजार मी विसरलो नाही. मस्कतला जाताना परत द्यायला लागलो तर काय म्हणालास आठवतंय? राहू दे, डावी अर्धी माझी, नाहीतरी तू तीच माझी म्हणतोस. सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्याने हसलो. त्या डाव्या बाजूवर येतोच, जरा थांब, आधी बाकीचं सांगतो नाहीतर जमणार नाही मला.

करायची वेळ आलीच होती. मागचे पाटे पार सपाट झाले होते, मागे दोन पोती खत टाकलं तरी बंप स्टॉपच्या रबरावर आपटायची. बामणोलीच्या पुढचा आमच्या रानाचा रस्ता तुला माहितीये, मधे जो दगडी पट्टा लागतो तिथं दरवेळी मागच्या एक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा घासायचा, तो खर्रर्र आवाज ऐकला की आपलीच हनुवटी घासल्यासारखं वाटतं. आपलं जुनं भांडण आठव. तू म्हणायचास आधी मोठे टायर, मी म्हणायचो आधी पाटे. बरं, लिहून देतो, तुझं बरोबर होतं. पाट्याने बॉडी वर जाते पण गोळा एक्सललाच असतो ना, तो आहे तिथेच राहतो, त्याला वर उचलतो तो फक्त टायर. एवढी साधी गोष्ट मला पंचेचाळिसाव्या वर्षी दगडाने शिकवली.

कंपनीचे होते २०५/७० आर १५, आता घातलेत २३५/७५. गुणाकार केला तर जुना टायर उभा ६६८ मिलिमीटर, नवा ७३३ च्या पुढे, म्हणजे गोळ्याखाली मिळाले बत्तीस तेहतीस मिलिमीटर, एक बोट जाड म्हण. एका बोटासाठी केवढा खर्च ते विचारू नकोस, घरी खरा आकडा सांगितलेला नाही. पाटे दोन इंच जास्त कमानीचे, शॉक ॲब्सॉर्बर लांब, पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सगळे नवीन. आणि हो, मीटर आता खोटं बोलतो. चाक मोठं म्हणून काटा साठवर असला की गाडी खरी सहासष्टने पळत असते, त्यामुळे काट्याकडे बघून शिऱ्याला वाटतंय मी हळू चालवतोय. चढाला मात्र दम लागतो, खंबाटकीला पाचव्यात सोड, चौथ्यातही कण्हते, तेराशेचं इंजिन बिचारं, त्याच्या पायात गमबूट घातलेत मी. फुल लॉक मारला की पुढचा टायर पाट्याला घासत होता म्हणून चाक कमी वळावं यासाठी स्टॉपरचे बोल्ट थोडे बाहेर फिरवले, आता शनिवार पेठेतल्या गल्लीत एका फटक्यात वळत नाही, मागेपुढे करावं लागतं आणि देशपांडे काकू गॅलरीतून बघत बसतात. आरटीओचं बोलू नकोस. २०१९ च्या त्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर आरसीतल्यापेक्षा वेगळं काही दिसलं तर साहेब कपाळाला आठ्या घालतात, आणि पुढच्या वर्षी परत पासिंग आहे. जुने पाटे, जुने टायर गोठ्यात जपून ठेवलेत, बायको म्हणते मी मेल्यावर माझ्या साड्या पण एवढ्या जपशील का.

उघडायला जीव गेला. पाट्याचं टोक गाडीला जोडणारी कडी म्हणजे शॅकल, तिचे बोल्ट रबरी बुशच्या नळीत असे धरून बसले होते की चार दिवस ऑइल मारलं, घण मारला, शिऱ्याने शिव्या मारल्या, ढिम्म. शेवटी ग्राइंडरने कापले. रबर जळल्याचा वास गल्लीभर. पुढचे दोन गणपतीत झाले, मागचा डावा पितृपक्षात (आईने नको म्हणलं होतं), आणि मागचा उजवा राहिला तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घेतला.

हं. आता ऐक.

मागच्या उजव्याचे यू-बोल्ट. चार नट. त्यावर काळा चिखल आणि ग्रीसचा असा थर की नट कुठला आणि प्लेट कुठली कळेना. स्क्रूड्रायव्हरने खरवडलं, डिझेलच्या फडक्याने पुसलं. आणि आतून लाल रेघ निघाली. नटावरून सुरू होऊन बोल्टच्या आट्यांवर गेलेली, सरळ, कुठे तुटलेली नाही. पहिल्यांदा वाटलं गंज असेल. मग दुसऱ्यावर पण. चारही नटांवर पक्या. मंजूताईचं नेलपॉलिश.

मी जमिनीवर आडवा होतो, गाडी लोखंडी घोड्यावर टेकवलेली, तोंडावर माती पडत होती, आणि मी तसाच किती वेळ पडून होतो मला माहीत नाही. शिऱ्या म्हणाला काय रे झोपलास का.

तुला सांगायला नको पण तरी लिहितो. वरंधा घाट, २०१० चा ऑगस्ट, वाघजाईच्या अलीकडे. मागचा डावा एक्सल सरकला, सेंटर बोल्ट तुटला, गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायला लागली. आदल्या रविवारी आपण दोघांनी मागचे मेन पाटे बदलले होते, एक बाजू तू, एक मी. आणि मी त्या धो धो पावसात, भज्यांच्या टपरीवर आख्खी गँग असताना तुझ्यावर ओरडलो की डावी बाजू तुझी होती, तुला साधे चार नट आवळता येत नाहीत. तू म्हणत होतास खाली वाकून बघ, मी माझ्या नटांना नेलपॉलिश लावलंय, नट फिरला तर रेघ तुटते, बघ एकदा. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो नेलपॉलिश लावलंस तर आता बांगड्या पण भर. गुऱ्या भजी नाकात जाईपर्यंत हसला. तू काही न बोलता छत्री न घेता चालायला लागलास आणि भोरच्या एसटीत बसून गेलास. मी वाकलो नाही. पाऊस होता म्हणून नाही वाकलो असं मी आजवर स्वतःला सांगत आलोय.

नंतर तो ट्रॅक्टरवाला मेकॅनिक आला, त्याने डाव्याचे यू-बोल्ट नवे टाकले, जुने फेकले, उजव्याला हात लावून म्हणाला हा दगडासारखा आहे याला काही करू नका. दगडासारखा. त्याने पण सांगितलं होतं बघ. त्यानंतर पंधरा वर्षं कोणी त्याला पाना लावला नाही आणि रेघ जागची हलली नाही. म्हणजे उजवा तुझा. म्हणजे डावा माझा.

आणि आता अंधुक आठवतंय पण. तो रविवार. माझे दोन नट झाले होते, दोन हाताने नुसते फिरवून ठेवले होते आणि फोन आला. कोणाचा ते विचारू नकोस, ती आत्ता आत पोळ्या लाटतेय. पाऊण तास बोललो असेन जिन्यात. परत आलो तर तू हात धूत होतास आणि मी जॅक उतरवला.

पंधरा वर्षं हा किस्सा मी किती ठिकाणी सांगितला असेन. तुझ्या लग्नात रिंग पाना पॅक करून आहेर दिला, सगळ्यांसमोर उघडायला लावला. वहिनींना पण पहिल्या भेटीत हेच सांगितलं. तू दरवेळी हसायचास. माहीत होतं ना तुला? मग एकदाही का नाही ओढून नेलंस मला गाडीखाली?

बरं, माफी वगैरे मला नीट लिहिता येत नाही, समजून घे. खरी पंचाईत वेगळीच झालीये. आता एकूण सोळा नट मी एकट्याने आवळलेत, प्रत्येक पाट्याला चार, आणि माझा माझ्या हातावर काडीचा भरवसा राहिलेला नाही. आधी कसं होतं, काही ढिलं निघालं की पक्या. आता पक्या मस्कतला, आणि तसाही पक्या नव्हताच. टॉर्क रेंच आणला, त्याचा कट आवाज आला की बरं वाटतं, तासाभराने परत शंका. पन्नास किलोमीटरला तपासले, शंभरला तपासले. नवीन पाटे बसतात, पानं एकमेकांवर दबतात आणि नट थोडे ढिले होतातच, हे मला माहितीये, दोन नट अर्धा आटा फिरले पण, तरी त्या रात्री झोप नाही. दोन वाजता टॉर्च घेऊन खाली गेलो. रात्रपाळीचा गुरखा आला, त्याला वाटलं पेट्रोल चोर.

त्यात डावीकडे वळताना एक आवाज येतो. टक. एकदाच. थांबून परत वळवलं की नाही येत. स्टिअरिंगचं म्हणशील तर गाडी उंच केल्यावर चाकं सरळ असली तरी स्टिअरिंग वाकडं दिसत होतं, स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा म्हणजे ड्रॅग लिंक फिरवून ते मी सरळ केलं, तिथलं चेकनट घट्ट आहे, पाच वेळा बघितलं. मग लक्षात आलं की शॅकलचे बोल्ट मी गाडी हवेत असतानाच फुल आवळले, म्हणजे खाली टेकल्यावर बुश पिळलेलंच राहणार. परत सगळे ढिले केले, गाडी जमिनीवर ठेवून, मागे शिऱ्याला आणि त्याच्या दोन पोरांना बसवून हलवली आणि मग आवळले. आवाज कमी झाला. गेला नाही. सकाळी पहिला ब्रेक मारला की येतोच, टक, जसं काय कोणी खालून विचारतंय की झाला का फोन.

त्यामुळे गाडी बोगद्याच्या पुढे नेत नाही. दिवाळीत अजिंक्यताऱ्यावर एकदा चढवली, मस्त गेली, ज्या नालीत आधी जीव वरखाली व्हायचा तिथं कळलं पण नाही, पोरगी टाळ्या वाजवत होती, आणि मी खिडकीतून मान बाहेर काढून मागच्या डाव्या चाकाकडे बघत होतो. ती म्हणते बाबा भज्यांच्या घाटात कधी जायचं. किस्सा तिला पाठ आहे, पक्याकाकाच्या नटाचा. तिला अजून दुसरा भाग सांगितलेला नाही. आधी तुला सांगावा म्हणलं.

तुझं काय? कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं का? वहिनींची शाळा, अथर्वचा अभ्यास, सगळं नीट असेल. काकूंकडे दिवाळीला जाऊन आलो, फराळ दिला, तुझ्यावर रागावल्यात, फोन कर. आणि तिकडे वाळूत जाता त्याचे फोटो बघतो मी, लाइक करत नाही एवढंच. पंधरा पीएसआयपर्यंत हवा काढून हिंडता आणि परत येताना भरायला विसरता असं तूच गेल्या वर्षी म्हणाला होतास. विसरू नकोस, रस्त्यावर तेवढ्या हवेत टायर तापून फाटेल.

डिसेंबरात येतोयस ना नक्की? आलास की एक दिवस दे. मी टॉर्च धरतो, तू खाली जा, सोळाच्या सोळा तुझ्या हाताने बघ. नेलपॉलिश मी आणून ठेवलंय, लालच, दुकानातल्या पोरीने शेड विचारली तर काय सांगावं कळेना, म्हणलं जे पंधरा वर्षं टिकेल ते दे. मग घाटात जाऊ. गुऱ्याला पण घेऊ, त्याला टपरीवरच सांगतो सगळं.

तुझा,
मन्या

ता.क. तो आहेरातला रिंग पाना अजून आहे का तुझ्याकडे? असेल तर बॅगेत टाकून आण, मोठ्या बॅगेत, हातातल्या नको, एअरपोर्टवर काढून घेतील. माझ्याकडचा त्या मापाचा शिऱ्याने हरवलाय.